घरच्या राउटरचा पहारेकरी आणि त्याची रोजनिशी

पेडणे आणि डिचोली ह्या दोन महालांतील आपली पुष्कळशी कुटुंबे आज पोटापाण्यासाठी गावाबाहेर आहेत. कोणी मुंबईस, कोणी पुण्यास, कोणी आखाती देशांत. मूळ घर चतुर्थीला उघडते, शिगम्याला उघडते, देवाच्या जत्रेला उघडते. एरवी त्याला कुलूप असते, नाहीतर एखादी म्हातारी आजी किंवा आते ते सांभाळून असते. गेल्या काही वर्षांत अशा घरांतून एक नवीन वस्तू आली आहे. ओसरीवरच्या भिंतीवर, पूर्वजांच्या तसबिरींच्या खाली, हिरवे दिवे मिचकावणारा एक लहानसा डबा टांगलेला दिसतो, आणि पडवीच्या वाशाला एक कॅमेरा. मुंबईत बसून फोनवर पाहिले की अंगणात वाळत घातलेली सुपारी दिसते, कोण आले, कोण गेले ते कळते. जीव थोडा स्वस्थ होतो.

ह्या डब्यास राउटर म्हणतात. तो बसवून देणारा माणूस परत गेला, की मग त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. इंटरनेट बंद पडले तर पाठीमागची कळ बंद करून पुन्हा सुरू करावयाची, एवढीच काय ती त्याची सेवा. वस्तुतः त्याच डब्यात एक पहारेकरी बसविलेला असतो, आणि तो एक रोजनिशीही लिहीत असतो. ती आपल्यापैकी फारच थोड्यांनी उघडून पाहिली असेल. महोत्सवाच्या ह्या स्मरणिकेत जुन्या आठवणी आणि कार्याचा अहवाल ह्यांच्या जोडीला ह्या पहारेकऱ्याविषयीही चार पाने असावीत असे आम्हांस वाटले. कारण ज्या घरांच्या आठवणी आपण लिहितो, त्याच घरांची दारे आता त्याच्या हाती आहेत.

पहारेकऱ्याचे नाव फायरवॉल. शब्द मूळचा बांधकामातला. एका घराला लागलेली आग शेजारच्या घरास पोचू नये म्हणून मध्ये उभारलेली जाड भिंत, ती फायरवॉल. राउटरमधली फायरवॉल मात्र भिंतीपेक्षा नाक्यासारखी अधिक. पत्रादेवीचा नाका, दोडामार्गचा नाका आपणांपैकी कोणास ठाऊक नाही? वडीलधाऱ्यांना १९६१ पूर्वीचे नाके आठवत असतील. तरुणांना २०२० सालच्या महामारीतले नाके आठवतील. अशा एका नाक्यावर एक शिपाई वही घेऊन बसला आहे असे कल्पावे. सकाळी बांद्याच्या बाजाराला गेलेल्या माणसाचे नाव त्याने वहीत टिपून ठेवले आहे. संध्याकाळी तो पिशवी घेऊन परतला, की वहीतले नाव पाहून शिपाई त्याला आत सोडतो. ज्याचे नाव वहीत नाही आणि ज्याला आतून कोणी बोलाविलेलेही नाही, असा उपरा आला तर त्याला तो थारा देत नाही.

घरचा राउटर अगदी हेच करतो. आपण फोनवर एखादे वर्तमानपत्र उघडले, की आपली मागणी लहान लहान पाकिटांच्या रूपाने बाहेर जाते. कोणत्या यंत्राने कोणाकडे काय मागितले ह्याची नोंद फायरवॉल करते, आणि त्या मागणीचे उत्तर म्हणून येणारी पाकिटेच आत घेते. न मागता आलेले पाकीट तेथल्या तेथे टाकून दिले जाते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ह्या शिपायाच्या वहीतले नाव कायमचे नसते; काही मिनिटांनी वा तासांनी ते खोडले जाते. पुढे खोट्या धोक्याच्या सूचनांचा प्रश्न येईल तेव्हा ह्याचा उपयोग होईल.

आता दारे. आपल्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता एक असला तरी त्याला क्रमांक घातलेली ६५,५३५ दारे असतात, त्यांस पोर्ट म्हणतात. कामे वाटलेली आहेत. सुरक्षित संकेतस्थळांची ये-जा ४४३ क्रमांकाच्या दाराने होते. दुरून यंत्रास हुकूम देण्याची जुनी पद्धत टेल्नेट, तिचे दार २३. दुसऱ्या गावाहून आपल्या संगणकाचा पडदा पाहावयाचा तर ३३८९. एकाच कचेरीतील संगणकांनी आपसांत फायली द्यावयाच्या तर ४४५; हेच ते दार, ज्यातून मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर किडा जगभरच्या संगणकांत शिरला. घरात बसून जो फक्त वाचतो, पाहतो, बोलतो, त्याला बाहेरच्यांसाठी ह्यांपैकी एकही दार उघडे ठेवण्याची गरज नसते.

रोजनिशीत सर्वांत अधिक आढळणारी नोंद ह्या दारांविषयीचीच असते. तीस पोर्ट स्कॅन म्हणतात. भर दुपारी, सारी वाडी वामकुक्षीत असताना, एखादा अनोळखी इसम घरामागून घर घेत प्रत्येक कडी हळूच हलवून पाहत चालला आहे, असे चित्र डोळ्यांसमोर आणावे. एकाच पत्त्यावरून थोड्या वेळात आपल्या अनेक दारांवर टकटक झाली, की फायरवॉल ते ओळखते. मोजणीच ती: इतक्या सेकंदांत इतकी दारे. ठरलेल्या संख्येपलीकडे गेले की नोंद करावयाची, आणि चांगल्या जातीचा राउटर असेल तर त्या पत्त्यास काही काळ बंदी घालावयाची.

ही नोंद प्रथमच पाहणारा मनुष्य घाबरतो. आपल्या घरावर कोणाची तरी पाळत आहे, एखाद्या भाऊबंदाचे किंवा जमिनीच्या वादातल्या पक्षकाराचे हे काम असावे, इथपर्यंत त्याची कल्पना धावते. तसे बहुधा काही नसते. जुन्या पद्धतीचे इंटरनेट-पत्ते जगात सुमारे ४३० कोटी आहेत. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१३ साली झेडमॅप नावाचे साधन केले. चांगली जोडणी असेल तर एक साधे यंत्र त्याच्या साह्याने ह्या साऱ्या पत्त्यांवरचे एक दार पाऊण तासाच्या आत ठोठावून येते. म्हणजे हरमलच्या बंद घराची आणि न्यूयॉर्कच्या पेढीची कडी एकाच फेरीत हलविली जाते. ठोठावणाऱ्यांत अभ्यासकही असतात. कोणते यंत्र कोठे उघडे आहे ह्याची सूची ठेवणारे शोडानसारखे उद्योग २००९ पासून चालू आहेत. चोरही तीच सूची वाचतात, हे सांगावयास नकोच.

कडी हलविण्यातही प्रकार आहेत. दोन यंत्रे बोलू लागण्यापूर्वी एक लहानसा शिष्टाचार पाळतात. पहिले म्हणते, ‘बोलू का?’ दुसरे म्हणते, ‘बोला, मी तयार आहे.’ पहिले म्हणते, ‘ठीक, सुरू करतो.’ त्यानंतर खरे बोलणे. प्रत्येक पाकिटावर ह्यासाठी छोटी छोटी निशाणे असतात: सुरुवातीचे, पोच दिल्याचे, समाप्तीचे, तातडीचे, इत्यादी. धूर्त मनुष्य काय करतो? सुरुवातच झालेली नसताना समाप्तीचे निशाण लावून पाकीट पाठवितो, किंवा एकही निशाण न लावता पाठवितो, किंवा न जुळणारी तीन निशाणे एकदम पेटवून पाठवितो. ह्या शेवटच्या प्रकारास नाताळच्या दिव्यांनी लखलखणाऱ्या झाडावरून ‘ख्रिसमस ट्री’ स्कॅन असे गमतीचे नाव पडले आहे. उद्देश एवढाच, की आतले यंत्र ह्या विचित्र पाकिटास कसे उत्तर देते किंवा देत नाही, त्यावरून दार उघडे की बंद हे ताडावे. पण कोणताही सरळ कार्यक्रम असले पाकीट पाठवीत नसल्यामुळे फायरवॉलला हे चोर ओळखणे सर्वांत सोपे जाते. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, त्यांतलाच हा प्रकार.

दुसरा ओळखण्यास सोपा चोर म्हणजे खोटा पत्ता लावून येणारा. घराच्या आतील यंत्रांना राउटर १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते देतो. हे पत्ते खाजगी, घरापुरते. बाहेरच्या जगात ते चालत नाहीत. आता बाहेरच्या तारेने एक पाकीट आले आणि पाठविणाऱ्याच्या जागी १९२.१६८ असा पत्ता असला, तर ते खोटे हे उघड आहे. पुढच्या दारात उभा राहिलेला परका मनुष्य ‘मी स्वयंपाकघरातूनच आलो’ असे म्हणू लागला, तर त्याच्यावर कोण विश्वास ठेवील?

१९९६ ते १९९८ ह्या काळातली काही जुनी हत्यारेही अनेक राउटरांच्या यादीत अजून नावानिशी आढळतात. ‘पिंग ऑफ डेथ’ म्हणजे तुकड्यांतुकड्यांनी पाठविलेले, पण जोडल्यावर ६५,५३५ बाइटांच्या कमाल मर्यादेहून मोठे होणारे पाकीट. ते जोडता जोडता त्या वेळचे संगणक कोलमडत. ‘टियरड्रॉप’मध्ये तुकडे एकमेकांवर चढतील असे कापलेले असत. ‘लँड’मध्ये पाठविणारा व घेणारा ह्यांचा पत्ता एकच, म्हणजे यंत्र स्वतःलाच उत्तरे देत बसे. ‘स्मर्फ’मध्ये दुसऱ्याच्या नावाने साऱ्या वाडीला हाक मारावयाची, म्हणजे सारी वाडी त्या बिचाऱ्याला ‘ओ’ देत सुटे. आजच्या यंत्रांवर ह्या हत्यारांचा फारसा परिणाम होत नाही. रोजनिशीत ही नावे दिसली तर वाचून पुढे जावे.

पुराचे प्रकार मात्र आजही जिवंत आहेत. त्यांतला ‘सिन फ्लड’ समजावयास जत्रेच्या पंगतीचे उदाहरण पुरेल. शंभर माणसांनी निरोप पाठविला, ‘आमचे पान मांडून ठेवा, येतोच.’ यजमानाने शंभर पाने मांडली, वाट पाहत बसला. एकही आला नाही. उलट आणखी शंभरांचा निरोप आला. खरे पाहुणे दारात उभे, आणि त्यांना बसावयास पाट नाही. ‘बोलू का?’ असे विचारून पुढचे काही न बोलणारी हजारो पाकिटे यंत्रावर सोडली, की त्याच्या सगळ्या जागा अशाच अडून राहतात. सप्टेंबर १९९६ मध्ये न्यूयॉर्कची पॅनिक्स ही इंटरनेट पुरविणारी कंपनी ह्याच युक्तीने कित्येक दिवस जेरीस आणली गेली, तेव्हापासून हा प्रकार सर्वांस ठाऊक झाला. घरचा राउटर एका सेकंदात येणाऱ्या अशा विचारणा मोजतो आणि मर्यादा ओलांडली की त्या टाकून देऊ लागतो. नुसत्या ‘आहात का?’ अशा हाका (आयसीएमपी फ्लड) किंवा पोचेची अपेक्षा न ठेवणारी पाकिटे (यूडीपी फ्लड) ह्यांनाही तोच हिशोब.

येथे पहारेकऱ्याची एक मर्यादा स्पष्ट सांगितली पाहिजे, कारण राउटर विकणारे ती सांगत नाहीत. पूर तो ओळखतो. थांबवू शकतोच असे नाही. तिळारीचे पाणी वरून सुटले आणि शापोरा नदी फुगली, तर साळच्या किंवा इब्रामपूरच्या घराने आपले दार घट्ट लावून रस्त्यावरचे पाणी ओसरत नाही. घरापर्यंत येणारी तारच निरुपयोगी पाकिटांनी भरून गेली, तर आत पहारेकरी कितीही दक्ष असला तरी आपले काम बंदच पडणार. अशा वेळी इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीने वरच्या बाजूस बंधारा घातला तरच उपाय. सुदैवाने साध्या घरावर कोणी असा पूर सोडण्याच्या भानगडीत सहसा पडत नाही. पूर सोडण्यासाठी आपले घर वापरणे त्याला अधिक सोईचे वाटते. त्याकडे आता वळू.

नद्यांची पातळी मोजणारे यंत्र

त्याआधी गोव्यातलीच एक हकीकत. येथे घरच्या पहारेकऱ्याचा मोठा भाऊ, म्हणजे सरकारी सर्व्हरपुढची फायरवॉल, कमी पडली. २३ जुलै २०२१ रोजी गोव्यात जो पूर आला त्याची आठवण पेडणे, डिचोली आणि सत्तरी ह्या तिन्ही महालांत अजून ताजी आहे. १९८२ नंतरचा हा सर्वांत मोठा पूर असे मुख्यमंत्र्यांनी त्या वेळी सांगितले होते. पुराची सूचना वेळीच मिळावी म्हणून राज्याच्या जलस्रोत खात्याने प्रमुख नद्यांवर १५ ठिकाणी यंत्रे बसविलेली होती आणि त्यांची माहिती एका सर्व्हरवर गोळा होत असे. ह्या मोठ्या पुराला वर्षही झाले नव्हते तोच, जून २०२२ मध्ये, पावसाळा नुकता सुरू झालेला असताना, २१ तारखेस मध्यरात्रीनंतर त्या सर्व्हरवर हल्ला झाला. साऱ्या फायली गुप्तलिपीत कुलूपबंद झाल्या आणि कुलूप काढून देण्यासाठी बिटकॉइन ह्या आभासी चलनात खंडणी मागण्यात आली. खात्याने पोलिसांकडे केलेल्या तक्रारीत कारणही नमूद होते: सर्व्हर चोवीस तास इंटरनेटला जोडलेला, त्यावर अँटिव्हायरस नाही, आणि फायरवॉल जुनी झालेली.

तेथे सोन्याची वखार नव्हती. नदीचे पाणी किती चढले, एवढीच माहिती. चोराला ती माहिती नकोही होती. दार उघडे सापडले म्हणून तो आत शिरला असे मानावयास हरकत नाही. ‘आमच्या घरात चोरण्यासारखे आहे काय?’ असे म्हणणाऱ्या मंडळींनी ह्या प्रकरणाचा विचार करावा.

‘जुनी झालेली फायरवॉल’ म्हणजे काय, असे कोणी विचारील. भिंत जुनी झाली तर ढासळते हे दिसते. कार्यक्रम जुना झाला तर काहीच दिसत नाही. राउटर हाही एक लहान संगणकच आहे, आणि त्याच्या आतील कार्यक्रमात वेळोवेळी फटी सापडतात. बनविणारी कंपनी त्या बुजविणारी सुधारित आवृत्ती काढते. ती घातली नाही, किंवा राउटर इतका जुना झाला की कंपनीने आवृत्त्या काढणेच सोडून दिले, तर त्या फटी साऱ्या जगाला माहीत असतात आणि घरमालकास तेवढ्या माहीत नसतात. मे २०१८ मध्ये व्हीपीएनफिल्टर नावाचा रोग उघडकीस आला, तेव्हा ५४ देशांतील किमान ५ लाख यंत्रे, बहुतेक घरातले वा लहान कचेऱ्यांतले राउटर, त्याने ग्रासलेली आढळली. पहारेकरीच फितूर झाल्यावर रोजनिशीत काय लिहिले जाणार?

कारखान्याचा परवलीचा शब्द

फितुरीचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे परवलीचा शब्द न बदलणे. येथे दोन पासवर्ड वेगळे ओळखावेत, कारण पुष्कळ घरांतून ह्यांचा घोटाळा होतो. एक वाय-फायचा, तो पाहुण्यांना सांगतो तो. दुसरा खुद्द राउटरच्या कारभाराचा. ह्याने राउटरची सारी रचना बदलता येते. पहिला बहुतेकांनी बदललेला असतो, निदान नातवंडांनी तरी. दुसरा पुष्कळदा कारखान्यातून आला तसाच, ‘ॲडमिन’ नावाला ‘ॲडमिन’ हाच शब्द.

जुलै २०१७ च्या अखेरीस भारत संचार निगमच्या ब्रॉडबँड ग्राहकांपैकी ज्यांच्या मोडेमचा हा शब्द बदललेला नव्हता, अशांच्या मोडेमांवर हल्ला झाला आणि ते बंद पडू लागले. निगमाला ग्राहकांना जाहीर आवाहन करावे लागले, की कृपा करून मूळचा पासवर्ड बदला. हा हल्ला निदान मोडेम बंद पाडणारा होता, त्यामुळे लोकांस कळला तरी. मोडेम चालू ठेवून आतून त्याचा वापर करणारा चोर अधिक वाईट.

असा चोर म्हणजे २०१६ सालचा मिराई. त्याची रीत साधी होती. टेल्नेटचे २३ क्रमांकाचे दार ठोठावयाचे, आणि उघडले तर कारखान्यांच्या ठराविक नावा-शब्दांच्या साठएक जोड्या एकामागून एक लावून पाहावयाच्या. एवढ्या भांडवलावर त्याने लाखो यंत्रे ताब्यात घेतली. त्यांत संगणक फारसे नव्हते. होते ते कॅमेरे, कॅमेऱ्यांची चित्रे साठविणारे डबे आणि घरचे राउटर. २१ ऑक्टोबर २०१६ रोजी ह्या फौजेने अमेरिकेतील डिन ह्या कंपनीवर पूर सोडला आणि ट्विटर, नेटफ्लिक्स ह्यांसारखी मोठमोठी स्थळे कित्येक तास लोकांस मिळेनाशी झाली. कोणाच्या तरी ओसरीवरचा कॅमेरा त्या दंगलीत दगड मारीत होता, आणि घरातल्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

म्हणून आपल्या बंद घरांच्या कॅमेऱ्यांविषयी आम्हांस खरी काळजी वाटते. मुंबईहून कॅमेरा दिसावा म्हणून बसविणारा कारागीर पुष्कळदा राउटरमध्ये ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ नावाची सोय करून देतो. ह्याचा मराठी अर्थ असा: नाक्यावरच्या शिपायास सांगून ठेवावयाचे, की अमुक दारावर कोणीही आले तरी विचारपूस न करता थेट कॅमेऱ्याकडे सोड. शिपाई हुकमाचा ताबेदार. तो सोडतो, आणि आपण बोलाविलेलेच असल्यामुळे ते रोजनिशीत हल्ला म्हणून लिहीतही नाही. तेथून पुढे घराची अब्रू कॅमेऱ्याच्या पासवर्डावर. तो पासवर्डही कारखान्याचाच असला, तर आजीचे देवघर साऱ्या जगाला उघडे. २०२५ साली राजकोट येथील एका प्रसूतिगृहातल्या कॅमेऱ्यांची चित्रे इंटरनेटवर विकली जात असल्याचे उघडकीस आले, तेव्हा ह्या गोष्टीचे गांभीर्य देशास समजले. पुष्कळसे नवे कॅमेरे आपल्या कंपनीच्या मध्यस्थ सर्व्हरमार्फत चित्र दाखवितात, त्यांना असे दार उघडे ठेवावे लागत नाही. कारागिराने ते ठेवले असेल तर बंद करून घ्यावे. ‘युपीएनपी’ नावाच्या सोयीने घरातली यंत्रे आपण होऊन अशी दारे उघडवून घेतात; तीही बंद करावी. मुलांचा एखादा खेळ त्यामुळे रुसेल, पण तेवढे चालेल.

हे सारे करावयाचे कोठे? घरच्या वाय-फायवर असताना फोनच्या किंवा संगणकाच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता लिहावा. तो बहुधा १९२.१६८.०.१ किंवा १९२.१६८.१.१ असा असून डब्याच्या पाठीमागच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. कारभाराचा पासवर्ड घातला की पाने उघडतात. प्रथम तो पासवर्डच बदलावा आणि घरच्या जमाखर्चाच्या वहीत लिहून ठेवावा. वहीत लिहू नये असे सांगणारे पंडित आहेत. आमच्या मते पेडण्याच्या कपाटातली वही परदेशातल्या चोराच्या हाती लागत नाही, विसरलेला पासवर्ड मात्र दर वेळी नवा कारागीर घरात आणतो. मग ‘रिमोट मॅनेजमेंट’, म्हणजे बाहेरून राउटरचा कारभार चालविण्याची मुभा, बंद आहे ना ते पाहावे. फायरवॉल आणि ‘डॉस प्रोटेक्शन’ चालू आहेत का पाहावे. कित्येक राउटरांत हे दुसरे मुळात बंद असते. मोरजी, मांद्रे, हरमल येथे ज्यांनी घरातल्या खोल्या पर्यटकांस दिल्या आहेत, त्यांनी पाहुण्यांसाठी ‘गेस्ट’ वाय-फाय वेगळे काढावे. घराच्या वाय-फायवर आलेला मनुष्य नाक्याच्या आत आलेला असतो, आणि आतल्यांची झडती पहारेकरी सहसा घेत नाही.

काही वाचक म्हणतील, आम्ही रोजनिशी पाहिली, तीत एकही स्कॅन नाही. शक्य आहे. जुन्या पद्धतीचे पत्ते अपुरे पडू लागल्यामुळे पुष्कळ कंपन्या एकच पत्ता अनेक घरांत वाटून देतात. मग बाहेरची टकटक कंपनीच्या वेशीवरच थांबते. परंतु त्याच जोडणीवर आयपीव्ही-६ हा नवा पत्ता मिळत असेल, तर तो थेट आपल्या यंत्रापर्यंत येतो. त्यासाठी राउटरमध्ये फायरवॉलची पुष्कळदा वेगळी कळ असते. ती चालू असल्याची खात्री करून घ्यावी.

उलट काहींस रोज पन्नास नोंदी दिसतील, आणि त्यांत प्रसिद्ध कंपन्यांचेच पत्ते आढळतील. ‘एसीके स्कॅन’ म्हणून लिहिलेल्या अशा नोंदी पुष्कळदा हल्ला नसतातच. शिपायाच्या वहीतले नाव काही वेळाने खोडले जाते, असे आम्ही वर म्हटले. आपण चित्रपट पाहता पाहता फोन मिटून ठेवला, नाव खोडले गेले, आणि त्यानंतर उशिरा पोचलेले उत्तर त्याला परके वाटले, एवढाच तो प्रकार. कोणत्या नोंदीकडे लक्ष द्यावे? राउटरच्या कारभारात शिरण्याचे अयशस्वी प्रयत्न, विशेषतः ते घरातल्याच पत्त्यावरून होत असतील तर. आपण न केलेला यशस्वी प्रवेश. मध्यरात्री, घर बंद असताना, कॅमेऱ्याने बाहेर पाठविलेली अवाढव्य माहिती. आणि राउटरच्या पानावर ‘डीएनएस’ ह्या शीर्षकाखाली अचानक बदललेला पत्ता. कारण डीएनएस म्हणजे नावावरून पत्ता सांगणारा वाटाड्या, आणि वाटाड्या बदलला तर बँकेचे नाव लिहूनही मनुष्य चोराच्या पेढीवर पोचतो.

ज्याने सध्या लोकांचे सर्वांत अधिक पैसे बुडतात, ते मात्र पहारेकऱ्याला मुळीच दिसत नाही, हेही येथेच सांगणे भाग आहे. लग्नपत्रिका किंवा वाहतुकीच्या दंडाची चिठ्ठी म्हणून व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल आपणच उघडतो. ओटीपी आपणच सांगतो. पोलीस असल्याची बतावणी करून ‘डिजिटल अटक’ झाली आहे असे सांगणाऱ्या माणसाशी आपणच तासन्‌तास बोलत बसतो. ही सर्व पाकिटे वहीत नोंदलेली, आतून मागितलेली. त्यांस अडविण्याचे शिपायास कारणच नाही. घरी एकट्या राहणाऱ्या वडीलधाऱ्यांस राउटरविषयी काही सांगितले नाही तरी चालेल, परंतु अटक कधीही फोनवर होत नाही एवढे त्यांना पुन्हा पुन्हा सांगावे.

असा प्रसंग ओढवलाच तर १९३० ह्या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ फोन करावा. पैसे पुढच्या खात्यातून काढून घेतले जाण्यापूर्वी ते गोठविण्याचा प्रयत्न तेथून होतो, त्यामुळे पहिला तास फार मोलाचा. राउटर किंवा कॅमेरा बाधित झाल्याचा संशय असेल, तर केंद्र सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या स्थळावर, २०१७ पासून, सफाईची साधने विनामूल्य ठेवलेली आहेत. बाधित राउटर पाठीमागच्या बारीक छिद्रात सुई दाबून मूळ स्थितीस आणावा, आणि इंटरनेटला जोडून ठेवण्यापूर्वीच नवा पासवर्ड घालून सुधारित आवृत्ती चढवावी. नाहीतर मिराईसारखे चोर काही मिनिटांतच परत येतात.

मात्र सुई दाबण्यापूर्वी, किंवा कळ बंद करण्यापूर्वी, रोजनिशीच्या पानांचे फोनवर छायाचित्र घेऊन ठेवावे. घरगुती राउटर आपली रोजनिशी बहुधा तात्पुरत्या स्मृतीत लिहितो, आणि वीज गेली की ती पुसली जाते. आणि आपल्या महालांत मृग बरसू लागला म्हणजे वीज किती वेळा जाते, हे आम्ही वाचकांस सांगावे असे नाही.